रविवारचे बारा टोले

सकाळी नऊपासून नाना फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि आपण फोनसाठी बसलेलो नाही असं दाखवण्याची त्यांची धडपड चालली होती. हातात पेपर होता. अर्ध्या तासात त्याचं पान काही उलटलं नव्हतं, आणि आत्याच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

"एवढं काय आहे रे त्या पानावर?" शिलाई मशीनवरून डोकं न उचलता ती म्हणाली. "पाठ करून म्हणून दाखवायचंय का कुणाला?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय."

"नंबर नाही वाढला, ढोंग वाढलंय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनीच खोड."

नानांनी पेपर जरा वर धरला. या धाकट्या बहिणीशी वाद घालून ते सत्तर वर्षांत एकदाही जिंकले नव्हते, आणि आज तर ती खरंच बोलत होती.

समोरच्या खिडकीत घड्याळाचा टॉवर उभा होता. दोन वर्षं चार महिने त्याच्याभोवती बांबूंची परांची होती, ती मंगळवारी उतरली. घंटा ज्या तुळयांवर टांगली होती त्या आतून कुजल्या होत्या, म्हणून दीडशे वर्षांची ती घंटा खाली उतरवून ठेवावी लागली. घड्याळ मुकं झालं. आज रविवार, आणि आज दुपारी बाराला ती पुन्हा वाजणार होती. चौकात मांडव पडला होता, खुर्च्या लागत होत्या, कुणीतरी माईकवर आकडे मोजत होतं आणि दर वेळी तीनवर अडकत होतं.

घंटा वाजणार म्हणजे फोन येणार की नाही, हा एकच प्रश्न या घरात सकाळपासून फिरत होता, आणि तो तोंडातून काढायची कुणाची छाती होत नव्हती. त्या फोनचा विषय अकरा वर्षांत कुणी काढलाच नव्हता. अळीमिळी गुपचिळी हा या घराचा कुलधर्म.

दहाच्या सुमाराला नानांचा मुलगा, दादा, आला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला वंगणाचा डाग लागला होता. नाना निवृत्त झाले तेव्हापासून टॉवरच्या घड्याळाची नोकरी त्याच्याकडे होती, आणि आजच्यासारखा दिवस त्या नोकरीत दुसरा आला नव्हता.

"नाना, उठा. कपडे बदला. साडेअकराला वर चढायचंय आपल्याला."

"मी कशाला वर?"

"पहिले बारा टोले तुम्ही द्यायचेत, हाताने. मशीन एकच्या टोल्यापासून सुरू करणार. मी ऑफिसात लिहून दिलं होतं, साहेबांनी मंजूर केलं. खाली माईकवर सांगणार आहेत तुमचं नाव."

"गुडघे दुखतात."

"मधल्या दोन मजल्यांवर खुर्च्या ठेवल्यात. बसत बसत चढू. मी आहे ना."

"मशीनलाच देऊ दे. मशीन चुकत नाही."

दादाने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण ठरवलेलं पाळणाऱ्यांतला तो नव्हता.

"नाना, मी कळवलंय किल्लीला. शुक्रवारीच मेसेज टाकला, रविवारी बारा वाजता म्हणून. तिने वाचलाय. उत्तर नाही." तो थांबला. "नाही करणार ती फोन."

किल्ली म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. सहा वर्षांची असताना घड्याळाला द्यायची ती हातभर लांब किल्ली छातीशी कवटाळून ती नानांच्या मागोमाग एकशे बत्तीस पायऱ्या चढली, आणि त्या दिवसापासून घरात तीच किल्ली झाली. बाराव्या वर्षी तिला टोला ऐकून कळायचं की हातोड्याची तार सैल आहे. दादाला आजही कळत नसे. आणि नाना निवृत्त झाले तेव्हा कारकुनाने वारसाच्या नोकरीचा अर्ज पुढे करून विचारलं, मुलाचं नाव काय? नानांनी मुलाचं नाव सांगितलं. विचारलंच तसं होतं, आणि दुसरं काही उत्तर असू शकतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "कान माझा, हात माझा, आणि नाव त्याचं?" एवढं बोलून किल्ली घराबाहेर पडली. तुम्ही तोंडाने ये म्हणाल तेव्हाच परत येईन, हे तिने जिन्यातून सांगितलं. आता ती लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करते, असं दादाकडून कळायचं.

"अहो, नाही जायचं त्यांना तर राहू दे ना," वहिनी आतून येत म्हणाली. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर तिची नोकरी, आजची ड्यूटी तिने मुद्दाम बदलून घेतली होती. "जबरदस्ती कशाला?"

"तू पण त्यांच्याच बाजूने!" दादाचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी ते घड्याळ सांभाळतोय. एकदा वर येऊन पाहिलंय यांनी? एकदा म्हणालेत, बरं चाललंय म्हणून? सगळं गाव म्हणतं याला कान नाही. नाही मला कान! पण चढतो तर मीच ना रोज?"

आता आत्या नानांची बाजू घेईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"तू जा रे," ती भावाला म्हणाली. "जो समोर उभा आहे त्याच्यासाठी जा. जी पोरगी आईला शेवटचं बघायलासुद्धा आली नाही, तिच्यासाठी या पोराला नको घालवूस."

हे वाक्य या घरात चार वर्षं होतं, पण आजवर नानांच्या पाठीमागे बोललं जायचं. खाली माईकवाला पुन्हा तीनवर अडकला.

नानांनी पेपरची घडी केली. घडी बिघडली, ती उलगडून पुन्हा केली.

अकरा वर्षांपूर्वीचा तो पहिला रविवार त्यांना पाठ होता. ती जाऊन सहा महिने झाले होते. बाराला एक मिनिट कमी असताना फोन वाजला. त्यांनी उचलला, पलीकडून "नाना, मी" एवढंच आलं, आणि त्यांच्या तोंडाला कुलूप बसलं. काय बोलणार? चुकलो म्हणावं तर जीभ वळेना, कशी आहेस म्हणावं तर ते फार थोडं वाटे. तेवढ्यात पहिला टोला पडला. त्यांना वाटलं, हिला हेच हवंय. आपण नकोत तिला, घंटा हवी आहे. त्यांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, हात लांब करून, बारावा टोला विरेपर्यंत. मग ठेवून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा अकरा एकोणसाठला फोन वाजला.

तेव्हापासून दर रविवारी. उचलायचा, बाहेर धरायचा, ठेवायचा. एक शब्द नाही. त्यांची बायको त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात जायची, बापलेकीचं त्यांचं त्यांना असू दे म्हणून. नानांचा हात भरून यायचा, उन्हात पोळायचा, पण तेवढ्या मिनिटापुरती पोरगी आपल्या हातात आहे असं वाटायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते त्यावर काढायचे. ती आईच्या वेळी आली नाही तेव्हा त्यांनी दादाजवळ पहिल्यांदा आणि शेवटचं रडून घेतलं. पण त्याच्या पुढच्या रविवारीही फोन आला, आणि त्यांनी तो बाहेर धरला.

मग घंटा उतरवली. त्या रविवारी फोन वाजला तेव्हा नाना त्याच्याकडे बघत उभे राहिले. काय ऐकवणार होते ते तिला, चौकातल्या रिक्षा? त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी तो वाजलाच नाही.

"सूनबाई," नाना म्हणाले. सगळ्यांनी वर पाहिलं. "अकरा एकोणसाठला वाजेल. वाजला तर. उचलायचा, बोलायचं काही नाही. लगेच खिडकीबाहेर धरायचा, टॉवरच्या बाजूला तोंड करून. वायर पुरते. बारावा पडला की दहापर्यंत मोजायचं, आवाज विरायला तेवढा वेळ लागतो, आणि मग ठेवायचा."

"हो, नाना."

"हात खाली नको येऊ देऊस."

"नाही येऊ देणार."

मग ते दादाकडे वळले. "शर्ट कुठला घालू?"

वरच्या मजल्यावर पोचायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. दादा पाठीमागे दोन्ही हात किंचित पुढे करून चढत होता, मूल पहिली पावलं टाकतं तेव्हा धरतात तसे. वडील इतके हलके कधी झाले हे त्याला कळलं नव्हतं. प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं, आता म्हणतील उतरूया.

घंटेखाली उभं राहून नानांनी वर पाहिलं. नव्या तुळया, नवे बोल्ट. मग त्यांनी घंटेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं.

"फिरवलीस?"

दादा जवळ आला. "पाव फेरा. दीडशे वर्षं हातोडा एकाच जागी बसून खळगा पडला होता. तिथेच बसत राहिला असता तर कधीतरी तडकली असती. आता कोऱ्या जागी बसेल. आवाज थोडा बदलेल म्हणे. मला तर..."

"कुणी सांगितलं फिरवायला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

नानांनी त्या खळग्यावर अंगठा ठेवला. "मी वीस वर्षं बघत होतो हा," ते म्हणाले. "आवाज बदलेल या भीतीने हात लावला नाही. बरं केलंस तू."

दादाने मान फिरवली आणि उगाचच एका घट्ट असलेल्या बोल्टला पाना लावला.

झरोक्याच्या फळ्यांमधून चौकापलीकडचं घर दिसत होतं, तिसरा मजला, उघडी खिडकी. बाराला एक मिनिट कमी होतं. खिडकीत कुणाचा हात नव्हता. खालून शिट्टी वाजली. नानांनी हातोड्याची साखळी धरली आणि ओढली.

वहिनी फोनसमोर उभी होती. एकोणसाठ झाले. फोन वाजला नाही. पहिला टोला पडला तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि चौकातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. आत्याने डोळे मिटले. दुसरा पडला. फोन गप्पच. वहिनीला म्हाताऱ्याची इतकी दया आली की तिने उगाचच रिसीव्हरवर हात ठेवला, जणू डिवचल्यावर वाजेल.

तिसऱ्यानंतर तो वाजला.

तिने झडप घातली. आणि अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीवर काढलेला हात, तो फोन घेऊन सरळ कानाकडेच गेला. "बोला" हा शब्द तिने जेमतेम गिळला. बाहेर धरायला हवा हे लक्षात येईपर्यंत पलीकडून कुणीतरी भरभर बोलू लागलं होतं.

"...तीन पडून गेले ना, मला ऐकू आले, म्हणजे इथे मागे टीव्हीवर दाखवतायत. नाना, उचलाल की नाही या विचारात तीन गेले. दोन वर्षांपूर्वी दोनदा केला, उचलला नाहीत तुम्ही. मी म्हटलं, मन भरलं असेल ऐकून ऐकून." चौथा टोला. "मी बरी आहे. पाय मोडला होता, मागच्या वर्षी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना. आता चालते. घंटा फिरवलीत ना? मोकळी वाटते. दादाने केलं का? त्याला सांगा, छान केलंस." पाचवा. "नाना, एकदा विचारलं होतं, पुन्हा विचारणार नाही असं ठरवलं होतं. आईच्या वेळी. दादाचा मेसेज आला आणि मी त्या रविवारी विचारलं तुम्हाला, येऊ का म्हणून. चारदा विचारलं. तुम्ही बारावा झाला आणि फोन ठेवलात." सहावा. "ठीक आहे. तो तुमचा राग, मी समजले. पण आता..."

सातवा टोला जरा रेंगाळून पडला. आवाज थांबला.

"हे मशीन नाहीये," ती हळू म्हणाली. "मशीन असं थांबत नाही." आठवा. "साखळी ओढून शेवटी मनगट असं सोडतात ते... हे नाना आहेत. वर नाना आहेत." नववा. "मग मी कुणाशी बोलतेय?"

"मी," वहिनी म्हणाली. "मी आहे गं. वहिनी."

"फोन तुम्ही उचलता? इतकी वर्षं तुम्ही...?"

"नाही, नाही. आजच. नेहमी नानाच." वहिनी खिडकीकडे वळली. "किल्ली, ते फोन कानाला नाही लावत. लावलाच नाही कधी. तुला घंटा ऐकायची असते असं वाटतं त्यांना. ते खिडकीबाहेर धरतात, हात लांब करून. शेवटचा टोला संपेपर्यंत."

दहा, अकरा, बारा पडले. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पहिल्यापासून?" पलीकडून आलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे सगळं मी घंटेला सांगितलं," किल्ली म्हणाली. ती हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच फुटलं.

आत्या उठून जवळ आली होती. "काय झालं? काय म्हणते ती?"

वहिनीने रिसीव्हरवर तळवा ठेवला. "आत्या, आईंच्या वेळी तिने विचारलं होतं येऊ का म्हणून. फोनवर. नानांचा हात बाहेर होता तेव्हा."

आत्या उभी होती तिथेच खाली बसली, फरशीवर. चार वर्षं तिने त्या पोरीला दगडाच्या काळजाची म्हटलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं, पाहुण्यांना सांगितलं होतं. बोललेलं एकेक वाक्य आता तिला आठवत होतं, आणि गिळावं म्हटलं तर एकही परत येणारं नव्हतं.

"ठेवू नको म्हणावं तिला," ती म्हणाली. "काही झालं तरी फोन ठेवू नको म्हणावं. तो येतोय."

किल्लीने ठेवला नाही. आत्या भिंतीला धरून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. एकशे बत्तीस पायऱ्या उतरून, चौक ओलांडून, तीन मजले चढून यायला म्हाताऱ्याला किती वेळ लागतो ते तिला त्या दिवशी कळलं.

"उतरला खाली," ती सांगू लागली, आणि वहिनी ते फोनमध्ये सांगू लागली. "फोटो काढतायत. मेल्यांनो, सोडा त्याला! त्या जाडोबाने हात धरलाय, सोडतच नाही. हां, निघाला. दादा आहे बरोबर. आता कुठे बघतोय इकडे? खिडकीकडे बघतोय. चल की रे! आता थांबला. का थांबला? दम लागला असेल. चेहरा बघवत नाही गं त्याचा."

"नाना फार वाळलेत का?" किल्लीने विचारलं.

"थोडे," वहिनी म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली. नाना दारात आले. दादाने आधार दिला होता तो त्यांनी सोडवला आणि चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावल्या.

"नाही ना आला," ते म्हणाले. विचारत नव्हते ते. "मी वरून बघत होतो. हात दिसला नाही."

"आला नाना. मी कानाला लावला."

"कानाला कशाला? मी तुला सांगितलं होतं..."

"नाना, ती बोलते."

त्यांना कळलं नाही. "कोण बोलते?"

"किल्ली. घंटा वाजत असते तेव्हा बोलते. तिला वाटायचं, तुम्ही ऐकताय. तुमच्याशी बोलण्यासाठीच फोन करायची ती, घंटेसाठी नाही."

दादा दाराला टेकला. पुढचं सांगायला वहिनीचा धीर झाला नाही. ते आत्याने सांगितलं, भावाच्या अगदी जवळ जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा चिमटा न काढता.

"तिच्या आईच्या वेळी तिनं तुला विचारलं होतं रे, येऊ का म्हणून. चारदा विचारलं. तुझा हात बाहेर होता. तिला वाटलं तू ऐकून ठेवलास."

नानांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. साखळीचा वण तळव्यावर लाल उमटला होता. मग त्यांनी तो हात पुढे केला आणि वहिनीने त्यात रिसीव्हर दिला.

त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून श्वास ऐकू येत होता. तो त्यांनी ओळखला. एकशे बत्तीस पायऱ्या मागोमाग चढलेला श्वास होता तो.

"नाना?"

"मला काही ऐकू आलं नव्हतं गं," नाना म्हणाले. "एकदाही नाही. काहीच नाही."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"तू विचारलं होतंस म्हणे."

"हो."

खाली चौकात बँड सुरू झाला. नानांनी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला, आणि टॉवरच्या वरच्या मजल्यावरून खालच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "ये. रविवारपर्यंत थांबू नकोस."